सेकंदाला २५,६०० आणि सेकंदाला १०,००० : दोन सॅम्पलिंग रेटची कंपनं एकमेकांशी कशी ताडायची?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात थंड पाण्याचा पंप आहे. त्याला चार पोलची मोटर, मिनिटाला साधारण १,४८० फेरे. उत्तरायणाच्या सुट्टीत पंप बंद ठेवून मोटरचं बेअरिंग बदललं. बदलण्याआधीची कंपनं सेकंदाला २५,६०० नमुने या रेटने ४ सेकंद नोंदली होती. नंतरची वेगळ्या लॉगरने घेतली, सेकंदाला १०,००० नमुने, १० सेकंद. अ‍ॅक्सिलरेशनचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, म्हणजे कंपनाचा एकूण जोर) ०.८२ जी होता, तो ०.४६ जी झाला. व्हेलॉसिटी मात्र ३.१ वरून ३.० मिमी प्रति सेकंद, म्हणजे जवळपास तिथेच. तुम्हाला विचारायचं आहे की बेअरिंग बदलल्याचा फायदा झाला असं म्हणता येईल का, आणि एक्सेलमध्ये दोन्ही आलेख जुळावेत म्हणून १०,००० वाल्या डेटात मधले बिंदू भरून तो २५,६०० चा करावा का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: भरू नका. एक्सेलमध्ये लाइन चार्ट घेतलात तर तो ओळीचा क्रमांक धरून बिंदू मांडतो, म्हणून दोन फायली जुळत नाहीत. स्कॅटर चार्ट घ्या आणि प्रत्येक डेटाला त्याचा स्वतःचा वेळेचा स्तंभ द्या. पहिल्याला १/२५,६०० सेकंदाच्या पायऱ्या, दुसऱ्याला १/१०,००० च्या. बिंदूंची संख्या सारखी असण्याची गरजच नाही. सरळ रेषेने मधले बिंदू भरले तर नुकसान होतं आणि ते मोजता येतं: १०,००० च्या डेटातलं २,५०० हर्ट्झचं कंपन त्या भरण्यात १९ टक्के उंची गमावतं, आणि वर ७,५०० हर्ट्झला मूळच्या ९ टक्के उंचीचं एक खोटं शिखर उभं राहतं. ते शिखर पंपात नसतं, ते तुमच्या सूत्राने तयार केलेलं असतं.

आता मुख्य प्रश्न. अडचण नमुन्यांच्या संख्येची वाटते, पण ती खरी अडचण नाही. दोन यंत्रांनी कंपनाचा कोणता पट्टा पाहिला, किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत, हे ठरवल्याशिवाय त्यांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. दोन वेगळ्या चाळण्यांनी चाळलेला रवा तोलून कोणत्या गिरणीने बारीक दळलं हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. म्हणून आधी चाळणी एक करायची, मग तोलायचं.

नायक्विस्टची निम्म्याची मर्यादा तुम्हाला माहीत असेलच: रेटच्या निम्म्याहून वरची वारंवारता नीट नोंदता येत नाही. व्यवहारात निम्मंही मिळत नाही, कारण फिल्टरला उतरायला जागा लागते. कंपनमापक यंत्रांत रेटला २.५६ ने भागायची रीत आहे. २५,६०० ला भागलं की १०,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा मिळतो. १०,००० ला भागलं की ३,९०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तुमच्या जुन्या नोंदीत ३,९०० ते १०,००० हा एक मोठा तुकडा आहे, जो नव्या नोंदीत नाही. बेअरिंग खराब व्हायला लागतं तेव्हा अ‍ॅक्सिलरेशन वाढतं ते बरंचसं याच तुकड्यात. आरएमएस कमी झाला यात बेअरिंगचा वाटा किती आणि हरवलेल्या तुकड्याचा किती, हे या दोन आकड्यांवरून कुणीही सांगू शकणार नाही.

व्हेलॉसिटीचं तसं नाही. आयएसओ १०८१६ आणि आता तिच्या जागी येत असलेली आयएसओ २०८१६ ही मानकं अशा यंत्रांची व्हेलॉसिटी १० ते १,००० हर्ट्झ या पट्ट्यात मोजायला सांगतात. हा पट्टा दोन्ही रेटमध्ये आरामात बसतो. त्यामुळे ३.१ आणि ३.० हे आकडे ताडता येतात, आणि ते सांगतात की असमतोल, अलाइनमेंट, पाया यांत काही बदल झालेला नाही. बेअरिंगबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. मात्र हे विधानही एका अटीवर उभं आहे: नव्या लॉगरमध्ये अँटी-एलियासिंग फिल्टर, म्हणजे नमुने घेण्याआधीच निम्म्या मर्यादेवरची कंपनं अडवणारा फिल्टर, असला पाहिजे.

या अटीवर जरा थांबतो, कारण स्वस्त लॉगरमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. फिल्टर नसेल तर ५,००० हर्ट्झच्या वरची कंपनं नाहीशी होत नाहीत, ती घडी पडून खाली येतात. ७,२०० चं कंपन १०,००० वजा ७,२०० म्हणजे २,८०० वर दिसतं. ९,९०० चं कंपन १०० वर दिसतं. आता समजा खरोखर ९,९०० हर्ट्झला ०.१ जी इतकं बारीक कंपन आहे. त्याची खरी व्हेलॉसिटी ०.०१६ मिमी प्रति सेकंद, म्हणजे नगण्य. तेच १०० हर्ट्झवर आलं आणि सॉफ्टवेअरने अ‍ॅक्सिलरेशनवरून व्हेलॉसिटी काढली की ते १.५६ मिमी प्रति सेकंद होतं, ९९ पट. आणि १०० हर्ट्झ म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची दुप्पट. ते पाहून माणूस स्टेटर आणि एअर गॅप तपासायला निघतो, मोटर उघडतो, आणि आत काहीच सापडत नाही.

लॉगरमध्ये फिल्टर आहे की नाही हे माहितीपत्रकावर विसंबून ठरवू नका, तपासा. सेन्सर काढा, लॉगरच्या इनपुटला फंक्शन जनरेटरवरून ९,९०० हर्ट्झची साइन द्या आणि स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्याचा आलेख) बघा. १०० हर्ट्झवर रेघ उभी राहिली तर फिल्टर नाही. जनरेटर जवळ नसेल तर कलाभवनात (एम. एस. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत) इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ओळखीचं कुणी असेल त्यांना विचारा, किंवा मोबाइलवर टोन देणारं अ‍ॅप घेऊन हेडफोनच्या जॅकमधून सिग्नल काढा. एवढ्या चाचणीला ते पुरतं. एक खबरदारी: चॅनलवर आयईपीई सेन्सरचा (सिग्नलच्याच केबलमधून वीज घेणाऱ्या सेन्सरचा) पुरवठा चालू असेल तर तो आधी बंद करा. तो चालू असताना मोबाइल जोडलात तर वीसेक व्होल्ट मोबाइलच्या जॅकवर जातात. त्याच जोडणीत १,००० हर्ट्झचा टोन देऊन लॉगरचा रेट खरंच १०,००० आहे का तेही बघून घ्या. मायक्रोकंट्रोलरवर बेतलेल्या लॉगरमध्ये फाइलवर लिहिलेला रेट आणि खरा रेट यांत फरक सापडतो. हे काम ५० हर्ट्झच्या विजेच्या रेघेवर करू नका, ग्रिडची वारंवारता स्वतःच ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्याच्या आतबाहेर हलत असते.

एक गोष्ट उलटी वाटेल पण खरी आहे. फिल्टर नसलेल्या लॉगरमध्ये एकूण आरएमएस जवळपास बरोबर येतो. ऊर्जा घडी पडून चुकीच्या जागी जाते, पण नाहीशी होत नाही. म्हणून तुमच्या चाचणीत फिल्टर नाही असं निघालं, तर ०.८२ वरून ०.४६ ही घट रेटमुळे आली असं म्हणता येत नाही. ती बेअरिंगमुळे किंवा सेन्सरमुळे असेल. त्या वेळी स्पेक्ट्रम मात्र टाकून द्यावा लागेल. फिल्टर आहे असं निघालं तर स्पेक्ट्रम विश्वासार्ह, पण आरएमएस ताडता येत नाही. दोन्ही शक्यतांत निष्कर्ष वेगळा निघतो, म्हणून ही चाचणी आधी करायची.

समजा फिल्टर आहे. आता जास्त रेटचा डेटा कमी रेटवर उतरवायचा. दिशा कायम हीच ठेवायची. १०,००० च्या नोंदीत जे आलंच नाही ते कोणत्याही गणिताने आणता येत नाही. २५,६०० च्या नोंदीतून जास्तीचं काढून टाकता मात्र येतं.

उतरवताना दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, दर तिसरा नमुना उचलायचा आणि बाकीचे सोडायचे. तसं केलं की ४,२६७ हर्ट्झच्या वरचं सगळं खाली घडी पडतं, म्हणजे चांगल्या यंत्राने फिल्टर लावून घेतलेल्या डेटाचं एलियासिंग आपण घरी बसून करतो. दुसरी, तीन-तीन नमुन्यांची सरासरी घ्यायची. सरासरी हा फिल्टरच आहे, पण कच्चा: नव्या निम्म्या मर्यादेपाशी हवं असलेलं कंपन ती जवळपास तिसऱ्या हिश्श्याने दाबते आणि नको असलेलं पुरेसं अडवत नाही.

तुमच्या रेटचं गुणोत्तर १०,००० भागिले २५,६००, म्हणजे २५/६४. ते पूर्णांकांचं आहे हे नशीब समजा. मॅटलॅबमध्ये रिसॅम्पल या फंक्शनला २५ आणि ६४ द्या. पायथनमध्ये सायपायच्या सिग्नल विभागात रिसॅम्पल पॉली आहे, त्यालाही हेच दोन आकडे. आत होतं ते असं की डेटा २५ पट करून ६,४०,००० च्या रेटवर नेला जातो, तिथे फिल्टर होतो आणि मग दर ६४वा नमुना उचलला जातो. या फिल्टरचा उतार ५,००० च्या आजूबाजूला असतो, तिथे थोडी घडी राहतेच. म्हणून त्यानंतर दोन्ही डेटांवर एकच बँडपास (ठरावीक पट्टाच ठेवणारा फिल्टर) लावा, मी अशा वेळी १० ते ३,५०० हर्ट्झ घेतो. बटरवर्थ फिल्टर घेत असाल तर तो सेकंड ऑर्डर सेक्शनच्या रूपात घ्या. १०,००० च्या रेटवर १० हर्ट्झची खालची मर्यादा इतकी लहान पडते की साध्या गुणकांच्या रूपात आकडेमोड घसरते आणि उत्तर वेडंवाकडं येतं. फिल्टर पुढून आणि मागून असा दोनदा चालवलात तर फेज सरकत नाही, पण कडेची घट दुप्पट होते. दोन्ही डेटांना तीच पद्धत लावली की हिशेब जुळतो. शेवटी दोन्ही टोकांचे ०.१ सेकंद कापून टाका, फिल्टर तिथे अजून स्थिरावलेला नसतो.

हे करून झाल्यावर जुन्या डेटाचा आरएमएस पुन्हा काढा. तो ०.४८ च्या आसपास आला तर समजा की घट जवळपास सगळी पट्ट्याची होती, आणि या पट्ट्यात बेअरिंग बदलण्याचा परिणाम दिसत नाही. ०.७ च्या वर राहिला तर फरक खरा आहे.

ही पद्धत हाताखाली बसवायला केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगचा खुला डेटा बरा. त्यात ड्राइव्ह एंडची नोंद १२,००० आणि ४८,००० अशा दोन्ही रेटची आहे. ४८,००० ची फाइल ४ ने उतरवा, एकदा नुसता चौथा नमुना उचलून आणि एकदा फिल्टर लावून, आणि दोन्हींचे स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. तो डेटा वापरून वर्गीकरणाचं मॉडेल शिकवणारे विद्यार्थी दोन रेटच्या फायली तशाच एकत्र करतात. मॉडेल मग दोष ओळखायच्या ऐवजी रेट ओळखायला शिकतं.

स्पेक्ट्रम ताडायचे असतील तर खरं म्हणजे रेट बदलायचीही गरज नाही. एफएफटीच्या (नमुन्यांवरून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताच्या) दोन रेघांमधलं अंतर फक्त तुकडा किती सेकंदांचा आहे यावर ठरतं. दोन्ही डेटांचे १ सेकंदाचे तुकडे करा, एकाचे २५,६०० नमुन्यांचे, दुसऱ्याचे १०,००० चे. रेघा दोन्हीकडे १ हर्ट्झवर येतात. नमुने २ च्या घातात असले पाहिजेत ही जुनी अट आता कुणी पाळत नाही, पाळूही नका. बहुतेक जण सवयीने दोन्हीकडे ४,०९६ नमुने घेतात आणि तिथे फसतात. मग एकीकडे रेघा ६.२५ हर्ट्झवर आणि दुसरीकडे २.४४ वर पडतात. शिखरांची उंची साधारण तीच राहते, पण मधली गुरगुर, म्हणजे नॉइज फ्लोअर, नव्या आलेखात बरोबर १.६ पट खाली दिसते. यंत्रात काहीही न बदलता. बेअरिंगचं स्नेहन सुधारलं असा निष्कर्ष यावरून काढला जातो आणि तो निराधार असतो. गुरगुर ताडायची असेल तर आलेख पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटीचा काढा, त्यात रेघेच्या रुंदीने भागलेलं असतं. विंडो (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारं वजन) दोन्हीकडे हॅनिंग ठेवा, ओव्हरलॅप ५० टक्के. जुन्या ४ सेकंदांतून ७ तुकडे मिळतील आणि नव्या १० सेकंदांतून १९. सरासरी ७ ची आणि १९ ची घेतली तर नवा आलेख उगाच गुळगुळीत दिसतो, म्हणून नव्यातलेही ४ च सेकंद वापरा.

१ हर्ट्झच्या रेघा सगळ्याला पुरतात असं नाही. तुमच्या मोटरचा फेरा २४.६७ हर्ट्झचा, त्याची चौपट ९८.७. विजेची दुप्पट १००. ही दोन वेगळी करायला संपूर्ण ४ सेकंदांचा एकच तुकडा घ्यावा लागेल, आणि मग सरासरी मिळणार नाही. दोन्ही हवं असेल तर जास्त वेळ नोंदणं हाच उपाय.

आता क्रेस्ट फॅक्टर (कमाल मूल्य भागिले आरएमएस), कर्टोसिस (कंपन किती ठोक्यांचं आहे याचं माप) आणि कमाल मूल्य. एका रेटचं हे मूल्य दुसऱ्याशी थेट कधीच ताडू नका. बेअरिंगचा ठोका म्हणजे क्षणभराची थरथर, आणि तिचा माथा दोन नमुन्यांच्या मध्ये पडू शकतो. २,५०० हर्ट्झची थरथर १०,००० च्या रेटने घेतली तर एका फेऱ्यात ४ नमुने येतात, माथा २९ टक्क्यांपर्यंत कमी वाचला जाऊ शकतो. २५,६०० ने घेतली तर जास्तीत जास्त ५ टक्के. शिवाय १० सेकंदांत मोठा ठोका सापडण्याची शक्यता ४ सेकंदांपेक्षा जास्त असते. म्हणून आधी एकच पट्टा, मग एकच कालावधी, आणि मग दोन्ही डेटा फिल्टरसह ४ पट वर नेऊन कमाल मूल्य वाचायचं. वर मधले बिंदू भरू नका म्हणालो, त्याला हा एवढाच अपवाद आहे. इथे सरळ रेषेने भरायचं नाही, रिसॅम्पल पॉलीनेच भरायचं, आणि हेतू नवी माहिती मिळवण्याचा नसतो, आहे त्या लाटेचा माथा नीट वाचण्याचा असतो.

तुम्ही असंही लिहिलं आहे की दोष-वारंवारता शंभराच्या आसपास असते, मग १०,००० का पुरू नये? ८ गोळ्यांच्या बेअरिंगला बाहेरच्या कड्याची दोष-वारंवारता अंदाजे ०.४ गुणिले ८ गुणिले २४.६७, म्हणजे ७९ हर्ट्झ, आतल्या कड्याची ०.६ धरून ११८. आकडे बरोबर आहेत. पण सुरुवातीच्या दोषात ७९ वर रेघ जवळपास दिसतच नाही. ठोका सेकंदाला ७९ वेळा बसतो आणि दर वेळी काही हजार हर्ट्झची थरथर उठवतो. एन्व्हलप काढताना आपण ती थरथर पकडतो आणि ती किती वेळा उठते हे मोजतो. थरथरच पट्ट्याबाहेर असेल तर मोजायला काही उरत नाही. नव्या नोंदीवर २,००० ते ३,५०० च्या पट्ट्यात एन्व्हलप काढून बघा जरूर, पण तिथे काही दिसलं नाही म्हणून बेअरिंग निर्दोष असं लिहून देऊ नका.

मीटरचा दर सेकंदाचा करंट आणि स्काडाचं (कारखान्याच्या संगणकीय देखरेख यंत्रणेचं) दर मिनिटाचं तापमान कसं ताडायचं हेही तुम्ही विचारलं आहे, त्याबद्दल थोडक्यात. इथेही सेकंदाचा डेटा मिनिटावर आणा, उलट नको. आणताना सरासरीबरोबर किमान, कमाल आणि त्या मिनिटात किती नमुने खरोखर आले हे चारही ठेवा. करंटच्या आरएमएस मूल्यांची सरासरी वर्गांची घ्यायची आणि मग वर्गमूळ; युनिटच्या काउंटरची सरासरी नको, वजाबाकी. स्काडाचा मिनिटाचा आकडा हा त्या क्षणाचा आहे, मिनिटाची सरासरी आहे, की ठरावीक फरक पडेपर्यंत धरून ठेवलेला जुनाच आकडा आहे, हे विचारून घ्या. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फायलींत साडेपाच तासांचा फरक दिसला तर एक भारतीय वेळेत आणि एक यूटीसीत आहे. काही सेकंदांचा फरक दिवसागणिक वाढत असेल तर घड्याळं सरकत आहेत. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५० इतकी चूक असलेला) घड्याळाचा क्रिस्टल दिवसाला ४.३ सेकंद खातो.

आणि नमुने जास्त म्हणजे पुरावा जास्त, असं मानू नका. दर सेकंदाच्या करंटमध्ये शेजारच्या दोन नमुन्यांचा सहसंबंध ०.९८ असेल, तर तासाचे ३,६०० नमुने सुमारे ३६ स्वतंत्र नमुन्यांइतकेच वजनाचे असतात. ३,६०० धरून टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का हे पाहणारी चाचणी) केली तर कोणताही फरक महत्त्वाचा ठरेल.

एवढं सगळं सांगून तुमच्या पंपाबद्दल माझं मत असं. जुनं बेअरिंग गेलं, त्याची नोंद पुन्हा मिळणार नाही, आणि सुदैवाने तीच २५,६०० ची आहे. नवं बेअरिंग जागेवर फिरतं आहे. जुनं यंत्र ज्यांच्याकडून आणलं होतं त्यांच्याकडून एका दुपारपुरतं पुन्हा आणा. सेन्सर त्याच जागी, त्याच दिशेने आणि तसाच बसवा. आधी स्टडने बसवला असेल तर आता चुंबकाने नको, कारण काही हजार हर्ट्झच्या वर बसवण्याची पद्धतच उत्तर बदलते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि करंट जुन्या नोंदीच्या वेळेइतका आणा, फेरे मोजून लिहा, आणि २५,६०० ने ४ च्या ऐवजी २० सेकंद नोंदा. फाइलच्या नावातच रेट, फिल्टरची मर्यादा, सेन्सरची संवेदनशीलता आणि बसवण्याची पद्धत लिहून ठेवा. मग ०.८२ शी ताडायला खरा आकडा तुमच्या हातात येईल, आणि १०,००० चा लॉगर व्हेलॉसिटीच्या रोजच्या नोंदीसाठी तिथेच राहू द्या. फिल्टरची चाचणी तो पार झाला तर त्या कामाला तो पुरेसा आहे.